कातरण

चौथ्या मजल्यावर, कचऱ्याच्या झडपेपाशी
एक डिसेंबरपासून मी उभी असते,
लोक उठायच्या आधी.
डाळिंबाच्या सरबताचे लाल कॅन, संत्र्याचे केशरी,
आतून मात्र सगळे चंदेरी.

एस्तेरला चांदण्या हव्यात.
दुकानातल्या नकोत म्हणाली. म्हणजे हव्यातच,
पण दहा दिरहमला तीन, हे तिनं स्वतः वाचलं
आणि स्वतःच पुढं चालू लागली.
सात वर्षांची पोर.
असलं शहाणपण बघितलं की पोटात कालवतं.

म्हणून टेबलावर हा पसारा :
लबनच्या बाटल्यांची निळी झाकणं,
अंड्यांच्या ट्रेचे उपडे कप, या घंटा,
खुबूसच्या पिशव्यांच्या तारा,
लाँड्रीचे पाच हँगर, हे झाड.
याकोब टगवरून सहा दिवसांसाठी आला होता.
हँगर पिळून देता देता म्हणाला,
राहुरीला आमच्या बापानं तुराट्यांची चांदणी केली,
पतंगाचा कागद डकवला, आत दिवा ठेवला,
आणि पेटली की ती.
"मग?"
"मग काय. सगळ्या आळीला दिसली."

तिसऱ्या पहाटे मोफिज मियाँनं मला पकडलं.
वॉचमन. सिल्हेटचा.
वय विचारलं तर पासपोर्टवरचं सांगतो.
"भाभी, ये कॅन मेरा है."

कानशिलं तापली माझी.
कचऱ्याची चोरी, आणि तीही सापडलेली.
मग कळलं, कॅनला किलोवर भाव असतो.
बारा मजल्यांचे कॅन तो तळघरात टाचेनं चपटे करतो,
त्यातून फोनचं रिचार्ज,
थोरलीच्या परीक्षेची फी.
आणि मी इतकी वर्षं समजत होते
टाकलेलं म्हणजे कुणाचंच नाही.

पैसे देऊ केले, तर रागावला.
"उधार ले जाओ. तुम्हारा बड़ा दिन हो जाए, फिर वापस."
सहा जानेवारी ठरली.
मागी लोक येऊन गेले की हिशेब.

कॅनची कड बोलत नाही, कापते.
अंगठ्याला चिंधी बांधून मी एकेचाळीस चांदण्या कातरल्या,
शारजाच्या त्या खिडकीत टांगल्या
जिच्यातून फक्त समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात.
दुसऱ्या दिवशी चांदण्यांना मुंग्या लागल्या.
नीट धुतल्या नव्हत्या ना. एस्तेर खूश :
"आई, आपल्या गोड आहेत."

उरलेलं कातरण, बारीक, कुरळं,
गव्हाणीत गवत म्हणून पसरलं.
त्यावर बाळ : खजुराची बी,
गोळ्यांच्या बाटलीतल्या कापसात गुंडाळलेली.
नाक नाही, डोळे नाहीत,
बीला असते ती मधली रेघ तेवढी,
तिलाच आम्ही तोंड म्हटलं.

सहा तारखेला पिशवी घेऊन तळघरात गेले.
त्यानं ताणकाट्याला अडकवली, डोळे बारीक केले.
कमी भरली.
"कातरण?"
एवढं धरून ठेवलं होतं त्यानं मनात.
धावत वर आले, गव्हाणी उचलली,
तशीच त्याच्या पोत्यात उपडी केली.
काटा हलला, म्हणजे हलल्यासारखा वाटला.
दोघंही गप्प.

रात्री एस्तेर शोधत बसली.
मी म्हटलं, खजूर आणू, दुसरं करू.
ती काही बोलली नाही.
पलंगाखाली पाहिलं, चपलांत पाहिलं,
रिकाम्या गव्हाणीत पुन्हा एकदा पाहिलं.

अकरा वाजता बेल.
लिफ्ट बंद होती, मोफिज मियाँ धापा टाकत उभा.
मूठ उघडली.
"ये कॅन नहीं है, भाभी."

बी तीच होती, रेघेवरून ओळखली.
कापूस मात्र
त्यानं बदललेला होता.